धुराचा हिशेब

ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, ती भरली. निरोपाच्या बातम्या झाल्या, फोटो छापून आले. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. पुणे असो, नाशिक असो की कोल्हापूर, जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात कव्हराखाली एखादी उभी दिसतेच. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली गाडी, म्हणून विकायला मन झालेलं नाही. रविवारी सकाळी कव्हर निघतं, चोक ओढला जातो, दोन-तीन सेल्फमध्ये इंजिन धरतं आणि मागून धूर येतो.

तो धूर काय सांगतो आणि ते घरच्या घरी कसं मोजायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल, पण त्याची निकड खरी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. पुढच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि नवं शतक उजाडेपर्यंत ती बनत राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एक सोलेक्स कार्ब्युरेटर, एवढाच तिचा पसारा. हा कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलणारे मिस्त्री प्रत्येक नाक्यावर होते. आता त्यांतले बरेच थकले, काहींनी गॅरेज बंद केलं. त्यांच्या जागी आलेली तरुण मुलं हुशार आहेत, पण ती स्कॅनर लावून इंजेक्शनच्या गाड्या दुरुस्त करायला शिकली. पद्मिनीला स्कॅनर लावायला सॉकेटच नाही. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर आता मालकाच्याच हातात आला आहे, आणि स्क्रू कुठे थांबवायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

जुना मिस्त्री कानाने ट्यूनिंग करायचा. इंजिन गरम करायचा, मान तिरकी करून मिक्स्चर स्क्रू हळूहळू बाहेर काढायचा, इंजिन जिथे चढेल तिथे थांबायचा आणि मग केसभर आत घ्यायचा. ही पद्धत अडाणी नव्हती. दुरुस्तीच्या पुस्तकांतही जवळपास हेच लिहिलेलं असतं. पण कान कितीही तयार असला तरी त्याला एक खोड असते, ती म्हणजे त्याला रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, मिक्स्चर आवडतं. पेट्रोल इंजिनाची ताकद सर्वांत जास्त असते ती बारा-साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असताना. तिथे स्लोवर इंजिन गोल, भरीव आवाजात चालतं, पिकअपही छान मिळतो. पेट्रोल पूर्ण जळण्याची जागा मात्र त्याच्या पुढे, १४.७ ला एक या प्रमाणावर आहे. या दोन जागांमधला फरक कानाला जाणवत नाही. तो पेट्रोल पंपावरच्या बिलात, काळ्या पडलेल्या प्लगमध्ये आणि मागे उभ्या असणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत उतरतो.

पेट्रोल पूर्ण जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. हवा कमी पडली की काही कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, बाहेर पडतो. सीओ आणि हवेचं प्रमाण यांचं नातं बरंच सरळ आहे आणि घरच्या टेस्टरचा सगळा डोलारा त्याच नात्यावर उभा आहे. १४.७ च्या जवळ सीओ साधारण एक टक्क्याच्या आत राहतो. १४ ला तो दोनाच्या आसपास येतो, १३ ला चारावर जातो आणि १२ ला साडेसहा-सातावर. धुरात सीओ ४ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड १२ टक्के असेल, तर पेट्रोलमधल्या दर चार कार्बन अणूंपैकी एक अर्धवट जळून गेला असा त्याचा अर्थ. अशा प्रत्येक अणूबरोबर त्याच्यातून मिळू शकणाऱ्या उष्णतेतली सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. ‘गाडीचा ॲव्हरेज पडलाय’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. शिवाय जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंग झिजतात आणि ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागतो.

उलट बाजूला, म्हणजे मिक्स्चर लीन झालं तर, सीओ शून्याकडे जातो आणि तिथेच राहतो. किती लीन आहे ते सीओ सांगत नाही. ते गाडी वेगळ्या मार्गाने सांगते: थंडीत अडखळते, ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर श्वास कोंडल्यासारखी थांबते, कार्ब्युरेटरमधून फटका मारते, जास्त तापते. बराच काळ तशीच चालवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

घरच्या घरी हा आकडा पाहण्याची सवय लावली ती मुख्यतः ब्रिटनमधल्या हौशी लोकांनी. तिथे गनसन या नावाची दोन साधनं अनेक घरगुती गॅरेजमध्ये सापडतात. एक म्हणजे कलरट्यून: प्लगच्या जागी बसवायचा काचेचा प्लग, ज्यातून सिलिंडरमधली ज्योत दिसते. गॅसच्या शेगडीचं भोक तुंबलं की निळी ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात, तसाच इथेही पिवळा रंग म्हणजे रिच आणि स्वच्छ निळा म्हणजे बरोबर. दुसरं साधन गॅसटेस्टर. गाडीच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो. त्याची नळी सायलेन्सरमध्ये सरकवायची आणि सीओची टक्केवारी वाचायची.

त्या डब्यात काय चालतं हे कळलं तर आकड्यावर किती विश्वास ठेवायचा तेही कळतं. साध्या टेस्टरमध्ये सीओ थेट मोजला जात नाही. आत एक बारीक तापलेली तार असते, तिच्यावरून धूर जातो आणि तार किती थंड होते ते मोजलं जातं. कार्बन डायऑक्साइड उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा मंद, तर हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट चपळ. मिक्स्चर रिच होत गेलं की धुरात कार्बन डायऑक्साइड घटतो आणि सीओसोबत थोडा हायड्रोजनही वाढतो, त्यामुळे तार अधिक थंड होते. त्यावरून यंत्र सीओचा अंदाज बांधतं. म्हणूनच अशा टेस्टरचं सेटिंग ताज्या हवेत शून्यावर करत नाहीत, २ टक्क्यांवर करतात, कारण साधी हवा आणि साधारण २ टक्के सीओ असलेला धूर या तारेला सारखेच वाटतात. पहिल्यांदा वापरणारा हमखास इथे गोंधळतो: नळी बाहेर, गाडी बंद आणि यंत्र २ दाखवतंय! यंत्र बिघडलेलं नसतं. पण यातून एक धोक्याची सूचना मिळते. सायलेन्सरला भोक असेल, नळी पुरेशी आत नसेल, तर हवा मिसळून आकडा दोनाकडे सरकतो आणि दोन हा आकडा दिसायला फार समाधानकारक असतो.

पीयूसी केंद्रावरचं यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालतं. सीओ, कार्बन डायऑक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन हे वायू इन्फ्रारेड प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्या शोषून घेतात. ते किती शोषतात त्यावरून यंत्र प्रत्येकाचं प्रमाण काढतं. ऑक्सिजन वेगळ्या रासायनिक सेलने मोजला जातो. अशी चार वायूंची यंत्रं महाग, त्यांना वेळोवेळी प्रमाणित गॅस लावून तपासावं लागतं. घरच्या टेस्टरला त्यांची बरोबरी करता येणार नाही. पण एकाच गाडीवर, एकाच पद्धतीने, स्क्रू फिरवण्याआधी आणि नंतर घेतलेले आकडे शेजारी ठेवले तर तो मालकाच्या फार कामाला येतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. गाडी नुसती उभी ठेवून चालवण्यापेक्षा आधी पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणलेली बरी, कारण कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड पूर्ण गरम व्हायला हवेत. चोकची तार पूर्ण परत गेली आहे ना, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहायचं. डॅशबोर्डवरची मूठ आत गेली म्हणजे चोक सुटला असं नसतं. टेस्टर ताज्या हवेत स्थिर होऊ द्यायचा, मग नळी हातभर आत. थोड्याच वेळात पारदर्शक नळीत पाण्याचे थेंब जमू लागतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, तेच हे पाणी. ते यंत्रात गेलं तर आकडा बिघडतो, म्हणून नळीला उतार हवा आणि मध्ये पाणी अडवणारी बाटली. आकडा लगेच येत नाही, धुराला नळीतून पोहोचायला काही सेकंद लागतात. मिक्स्चर स्क्रू पाव फेरा आत घ्यायचा, हात काढायचा, थांबायचं. पद्मिनीच्या सोलेक्सवर हा स्क्रू आत घेतला की मिक्स्चर लीन होतं. साडेपाच दाखवणारा आकडा हळूहळू साडेचारावर येतो, पुढच्या पाव फेऱ्याला साडेतीनावर. स्लो स्पीड बदलला असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने तो पुन्हा जागेवर आणायचा आणि परत वाचायचं. घाई करणाऱ्याचा स्क्रू आकड्याच्या पुढे पळतो, आणि मग गाडी कुठे होती हेच कळेनासं होतं.

इथे सुरक्षिततेबद्दल ठामपणे सांगायला हवं. सीओला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेत त्याचं प्रमाण एक टक्का झालं तरी काही मिनिटांत माणूस दगावू शकतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीच्या धुरात तो चार-पाच टक्के सहज असतो. बंद गॅरेजमध्ये, शटर अर्धं वर करून, तळघराच्या पार्किंगमध्ये हे काम कधीही करू नये. पंखा लावला आहे, दार उघडं आहे, अशा सबबी इथे चालत नाहीत.

आकडा फसवतो तेव्हा त्याची कारणं बहुधा दोन असतात. पहिलं, हवेची भेसळ. चार वायूंच्या यंत्रावर ती पकडता येते. निरोगी इंजिनाच्या धुरात सीओ आणि कार्बन डायऑक्साइड यांची बेरीज साधारण १५ टक्के भरते. समजा यंत्राने सीओ २.४ आणि कार्बन डायऑक्साइड ७.६ दाखवला. बेरीज १० आली, म्हणजे धुराचा तिसरा हिस्सा बाहेरची हवा आहे. सीओला १५ ने गुणून या बेरजेने भागलं की खरा आकडा निघतो: ३.६. जी गाडी पास होणार असं वाटत होतं ती मुळात रिच चालते आहे, आणि तिच्या सायलेन्सरला किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगला गळती आहे.

दुसरं कारण मिसिंग. चारपैकी एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नसेल तर त्या सिलिंडरातली हवा आणि पेट्रोल न जळता तशीच बाहेर येतात. हायड्रोकार्बन प्रचंड वाढतात, पण सीओ कमी दिसतो, कारण त्या सिलिंडरात जळलंच नाही तर सीओ येणार कुठून? नुसता सीओ पाहणारा मालक म्हणतो, गाडी लीन आहे, आणि स्क्रू बाहेर काढतो. आता उरलेली तीन सिलिंडरं रिच होतात, चौथं तसंच मेलेलं राहतं. मिसिंग ओळखायला यंत्र लागत नाही. सायलेन्सरच्या तोंडापाशी थोड्या अंतरावर हात धरला की धुराचा ठोका एकसारखा लागतो की मध्येच रिकामा जातो ते हाताला कळतं.

म्हणूनच टेस्टर सर्वांत शेवटी काढायचा. आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंटची फट, मग टायमिंग. एअर फिल्टर साफ आहे ना, इनलेट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात नाही ना, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजून सैल झालेला नाही ना, फ्लोटची उंची बरोबर आहे ना. जुन्या गाड्यांत ‘कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम’ म्हणून जे काही येतं त्यातलं बरंचसं इग्निशनमध्ये निघतं. पॉइंट झिजलेले ठेवून मिक्स्चर जुळवलं तर पॉइंट बदलताच सगळं पुन्हा विस्कटतं.

कार्ब्युरेटरच्या जातीप्रमाणे आकड्याचा अर्थही बदलतो. सोलेक्समध्ये स्लोचा रस्ता वेगळा आणि मेन जेटचा वेगळा. त्यामुळे स्लोवर ३ टक्के जुळवलेली पद्मिनी हायवेवर रिचच चालू शकते, कारण कुणीतरी कधीतरी मोठा मेन जेट बसवून ठेवलेला असतो. ते पाहायला इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर स्थिर धरून दुसरा आकडा घ्यावा लागतो. ॲम्बॅसॅडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली तिच्यावर, आणि एमजी, मॉरिस मायनर, मिनी यांच्यावर एसयू कार्ब्युरेटर असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज हर्बर्ट स्किनर या इंग्रज गृहस्थाने तो रचला. त्याचं घराणं बुटांच्या धंद्यातलं. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एकच निमुळती सुई. जेटचा नट एक बाजू फिरवला, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा, तरी स्लोपासून पूर्ण वेगापर्यंत सगळीकडचं मिक्स्चर हलतं. एसयूवाल्यांकडे टेस्टरविना करायची एक सुंदर चाचणीही आहे: कार्ब्युरेटरमधला पिस्टन खालून जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिन चढून चढतंच राहिलं तर रिच, बसायला लागलं तर लीन, क्षणभर चढून पूर्ववत झालं तर बरोबर. या चाचणीचा निकाल आणि टेस्टरचा आकडा जुळले नाहीत तर हवा कुठून तरी आत येते आहे असं समजून शोधायला लागावं.

कायदा काय म्हणतो हे माहीत हवं, पण तिथेच थांबू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११५ व्या नियमाप्रमाणे भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर सीओची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या गाडीचा धूर वार्षिक एमओटी तपासणीत फक्त डोळ्यांनी पाहतात. त्यानंतर जुलै १९८६ पर्यंतच्या गाड्यांना ४.५ टक्के सीओ चालतो. मे २०१८ पासून तर चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना तिथे तपासणीची सक्तीच उरलेली नाही. तरीही तिथले हौशी मालक टेस्टर काढून बसतात. मर्यादा पाळली म्हणून गाडी नीट चालतेच असं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू आत घेऊन गाडी लीन करायची, प्रमाणपत्र मिळालं की पुन्हा बाहेर काढायचा, ही रीत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. त्यात गाडीचंही भलं नाही आणि तिच्यामागून दुचाकीवर येणाऱ्या माणसाचंही नाही. ज्याला जुनी गाडी रस्त्यावर आणायची हौस आहे, त्याने तिचा धूर वर्षभर मर्यादेत ठेवायला हवा. आणि नीट जुळवलेली पद्मिनी स्लोवर तीनाच्या आत न अडखळता चालू शकते.

या सगळ्याला अलीकडे एक नवं कारण मिळालं आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झालं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: पेट्रोलला १४.७ भाग, तर इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला यातलं काहीच कळत नाही, तो जेटच्या भोकातून जाईल तेवढंच पाठवतो. जी पद्मिनी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर साडेतेराला, म्हणजे सुमारे ३ टक्के सीओवर जुळवलेली होती, तिच्या स्क्रूला कुणी हात न लावताही तिचा सीओ आता एकाच्या खाली येऊ शकतो. जी आधीच लीनकडे झुकलेली होती, ती अडखळू लागते. ‘पेट्रोल खराब आहे’ असं म्हणून मालक पंप बदलतो, तरी फरक पडत नाही. इथे टेस्टर उपयोगी पडतो: सीओ शून्याजवळ, मिसिंग नाही, गळती नाही, तर मिक्स्चर थोडं उघडायचं, आणि २५०० फेऱ्यांवरही तसंच दिसलं तर मेन जेट एक माप मोठा घालायचा. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने लवकर खराब होतात, तेही याच वेळी तपासून घ्यावेत.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: आधी इग्निशन, मग हवेची गळती, मग सोलेक्स, मग एसयू आणि शेवटी इथेनॉल. कुठलंही प्रकरण वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने एक काम करावं. स्क्रू, जेट, पॉइंट यांतल्या कशालाही हात न लावता, गाडी गरम करून आज ती जशी आहे तसा आकडा घ्यावा: स्लोवर एक आणि २५०० फेऱ्यांवर एक. वहीत तारीख, पेट्रोल कुठल्या पंपावरून भरलं, हवा गरम होती की थंड, मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेतल्यापासून किती फेरे बाहेर आहे, आणि हे दोन आकडे लिहावेत. फेरे मोजायला स्क्रू आत घ्यावा लागतो, म्हणून आकडे आधी आणि मोजणी नंतर. मोजून झालं की तो होता तिथेच परत आणावा. पुढचा प्रत्येक बदल या पहिल्या ओळीशी ताडून पाहायचा आहे.